माझ्या हातच्या चकत्या

व्हॅक्यूम पंपाला झेंडूची माळ घातली होती.

खंडेनवमीचा दिवस. चंद्रपूरचं कॉलेज, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. पंपाला हळदकुंकू. पाऱ्याच्या दाबमापकाला हळदकुंकू. गॅसच्या सिलिंडरवर कुंकवाचं स्वस्तिक. सरांचा भाचा श्रीकांत पाटावर बसून पूजा करत होता. तोही माझ्यासारखाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. सरांची आई नैवेद्य घेऊन आली होती.

मी आत पाऊल टाकलं.

सर म्हणाले, "तू तिथंच थांब. आई सोवळ्यात आहे. आज कशाला हात लावू नकोस."

मी दारातच थांबले. त्या पंपाचं तेल आदल्या दिवशी मी बदललं होतं. नखांत अजून काळं होतं. दाबमापकातला पारा मी गाळून भरला होता. श्रीकांतला पारा म्हटलं की अंगावर काटा येई, म्हणून ते काम माझ्याकडेच. वर्षभर पंप माझ्या हातांनी चालायचा. आज तो देव झाला होता आणि मी बाहेर होते.

आरती झाली. सरांच्या आईनं प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवला. माझ्याजवळ आली तेव्हा तिचा हात वर गेला. पेढा वरून सुटला, माझ्या बोटांना लागला आणि खाली पडला.

ती म्हणाली, "उचल. फरशी स्वच्छ आहे."

मी उचलला. सगळ्यांसमोर खाल्ला.

कोणी शिवी दिली नाही. कोणी जातीचं नाव घेतलं नाही. सगळं गोड आवाजात. श्रीकांतनं तर मला हसून विचारलं, "अजून एक हवा का?"

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. पोंभुर्ण्याकडचं आमचं गाव. विहारात पंचशील झालं. माय म्हणाली, "काऊन वो, तोंड उतरलं तुहं? जेवत नाई का तिथी?" मी म्हटलं, "जेवतो ना माय."

माय-बाबा दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणीला जायचे. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते तरणेबांड होते. घरातले देव त्यांनी अंधारी नदीत सोडले. मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. गावानं पाणी बंद केलं तरी ते हटले नाहीत. हे सगळं मी लहानपणी ऐकलेलं. ऐकताना वाटायचं, आपली लढाई बाबा लढून मोकळे झाले. आपण फक्त शिकायचं.

म्हणून शिकले. वस्तीतली पहिली बी.एस्सी. नागपूरला एम.एस्सी. मग चंद्रपुरात सरांकडे नाव नोंदवलं.

सरांनी मला का घेतलं, ते पुढं कळलं. त्यांना शासनाला दाखवायला कोणीतरी हवं होतं. पाहुणे आले की ते मला बोलवायचे. माझ्या खांद्याला न लावता वर हवेत हात धरून म्हणायचे, "ही त्यांच्यातली. पण हुशार आहे बरं का." कधी रंगात आले की म्हणायचे, "सरकारी जावई तुम्ही ऐकले असतील. ही आमची सरकारी सून." पाहुणे हसायचे. श्रीकांत हसायचा. मी चहाचे कप गोळा करायचे.

माझा विषय सांगते. कारण तो माझा होता.

मातीची भाजलेली चकती घ्या. दिसायला घट्ट. पण तिच्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. एका बाजूनं वायूचा दाब दिला की तो दुसऱ्या बाजूनं निघतो. किती निघेल, याचं गणित करता येतं. पण चकतीला दोन थर असतील, एक मोठ्या छिद्रांचा आणि एक बारीक छिद्रांचा, तर गणित कसं मांडायचं? हा माझा प्रश्न होता.

चकत्या बाजारात मिळत नव्हत्या. मी केल्या. बल्लारशाच्या आरा मशीनवरून सागाचा भुसा आणायचे, चाळून मातीत मळायचे. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी छिद्र राहतं. हा झाला जाड थर. त्यावर गाळलेल्या मातीचा बारीक थर. भाजायला भद्रावतीला कुंभाराच्या भट्टीवर न्यायचे. बहुतेक चकत्या तडकायच्या. दोन थर सारखे आकसत नाहीत. एखादी धड निघाली की ती रुमालात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीनं परत यायचे.

सरांचं म्हणणं सोपं होतं. "दोन थर म्हणजे दोन अडथळे. बेरीज कर. चकती उलटी लावली तरी बेरीज तीच राहणार."

मी चकती सुलटी लावून मोजलं. उलटी लावून मोजलं. बेरीज तीच आली नाही. जाड थर दाबाकडे असला की वायू जास्त जायचा. बारीक थर दाबाकडे असला की कमी. दाब अगदी कमी ठेवला की फरक दिसेनासा व्हायचा. वाढवला की पुन्हा दिसायचा.

मी सरांना सांगितलं.

सर माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "हात स्वच्छ धुतेस ना? चकतीला तेल लागलं असेल. तुम्हा लोकांना नेटकेपणाची सवय नसते, त्याला तू तरी काय करणार."

श्रीकांत शेजारीच बसला होता. पेन्सिलीला टोक करत.

मी पुन्हा मोजलं. नव्या चकत्या, नवं ग्रीस, दुसरा वायू. फरक जात नव्हता. मग मी विचार करायला लागले, असं का. बारीक छिद्रात वायूचा कण भिंतींवर आपटत एकटा जातो. मोठ्या छिद्रात दाब वाढला की कण एकमेकांवर आपटतात, एकमेकांना ढकलत लोंढ्यानं जातात. म्हणजे मोठ्या छिद्रांचा थर किती वायू सोडेल, हे त्याच्यावर दाब किती आहे यावर ठरणार. बाजू बदलली की त्या थरावरचा दाबच बदलतो. मग साधी बेरीज कशी चालेल?

प्रत्येक थराचं वेगळं समीकरण मांडलं. दोन थर जिथं मिळतात तिथला दाब माहीत नाही. तो धरून चालायचा. पहिल्या थरातून येणारा वायू आणि दुसऱ्यातून जाणारा वायू सारखा होईपर्यंत तो बदलत राहायचा. हातानं करताना डोकं फुटायची वेळ येई. मग नागपूरच्या संगणक केंद्रात कार्डं पंच करून घेतली. उत्तरं हाती आली ती माझ्या मोजमापांशी जुळली. दोन्ही बाजूंनी जुळली.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसले. तसं हसणं त्याआधी नव्हतं आणि नंतर नाही.

पुढं एका मित्रानं मला म्हटलं, अगं, हे तर आपल्या समाजासारखंच आहे, वरून खाली सोपं, खालून वर अवघड. मी त्याला म्हटलं, गप. मातीच्या चकतीत कोणाचं मन नसतं. तिथं वायू अडतो त्याला कारण आहे, ते मी कागदावर मांडून दाखवलंय. माणूस माणसाला अडवतो त्याला तसलं कारण नाही. दोन्ही एका मापानं मोजू नको.

सरांनी माझं गणित ठेवून घेतलं. म्हणाले, "बघतो." पुढचे काही आठवडे त्यांनी आणि श्रीकांतनं मिळून माझ्या चकत्यांवर पुन्हा प्रयोग केले. मला दुसरं काम दिलं, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. मी विचारलं तर म्हणाले, "तपासून बघतोय. घाई कशाला?" मला बरं वाटलं होतं. वाटलं, तपासतायत म्हणजे आता मानतील.

मग कॉलेजात चर्चासत्र ठरलं. बाहेरून मोठे प्राध्यापक येणार. सरांनी मला प्रोजेक्टरवर दाखवायचे तक्ते काढायला सांगितले, पारदर्शक कागदावर, शाईनं. चकतीचं चित्र, समीकरणं, सुलट्या-उलट्या मापांचे आलेख. मी जीव ओतून काढले. मला वाटलं, मी बोलणार आहे.

चर्चासत्राच्या सकाळी सर म्हणाले, "श्रीकांत बोलेल. तुझी भाषा अजून सुधारायची आहे. तू तक्ते बदलत राहा."

सभागृह भरलेलं. मोठे प्राध्यापक पहिल्या रांगेत, गळ्यात हार. मी प्रोजेक्टरजवळ उभी. श्रीकांतनं त्याच्या फायलीतून पहिला तक्ता काढून माझ्या हातात दिला. तो मी काढलेला नव्हता. मी काचेवर ठेवला. पडद्यावर उजेड पडला. वर विषयाचं नाव. माझा विषय. खाली दोन नावं. सरांचं आणि श्रीकांतचं.

मी खाली बघितलं, वर बघितलं. तिसरं नाव नव्हतं. कोपऱ्यात नव्हतं. आभारातही नव्हतं.

श्रीकांत बोलायला लागला, "आम्ही असं गृहीत धरलं की..."

आम्ही.

माझ्या अंगातून काहीतरी सरकन गेलं. पेढा पडला तेव्हा हे झालं नव्हतं. हात धुतेस का, विचारलं तेव्हा झालं नव्हतं. तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली होती. आज पहिल्यांदा वाटलं, लाज माझी नाही. माझं काय चुकलं? काही नाही. चोर तिकडं उभा आहे. कोट घालून.

मी तक्ता काचेवरून उचलला. पडदा पांढरा झाला.

श्रीकांत माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "काय करतेस?"

मी सभागृहाकडे तोंड केलं. "हे काम माझं हाय. चकत्या म्या केल्या. गणित म्या मांडलं. माझं नाव कुठी हाय?"

रागात तोंडून गावची बोली निघाली. शेवटच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग अजून कोणी. मग बरेच.

सर उठले. चेहरा हसरा. पाहुण्यांना म्हणाले, "क्षमा करा. शासनाचं धोरण आहे, आम्हाला अशीही मुलं घ्यावी लागतात." आणि माझ्याकडे न बघता, "बसून घे."

मी पहिल्या रांगेतल्या मोठ्या प्राध्यापकांकडे बघितलं. वाटलं, हा माणूस बाहेरचा आहे. हा एक प्रश्न विचारेल. मला नको, श्रीकांतला विचारला तरी चालेल. त्यांनी घड्याळ बघितलं. सरांना म्हणाले, "तुमचं अंतर्गत आहे ते नंतर मिटवा. जेवणाला उशीर व्हायला नको."

बाकीचे तक्ते माझ्या हातात होते. माझ्या अक्षरातले. मी ते छातीशी धरले आणि सभागृहाच्या मधल्या वाटेनं बाहेर पडले. मागून सरांचा आवाज आला, "ते इथं ठेव!" मी थांबले नाही.

चार दिवसांत सरांनी बाबांना बोलावणं धाडलं. आमच्या गावच्या मास्तराकडून निरोप गेला, मुलीनं मोठा गुन्हा केला आहे, ताबडतोब या.

बाबा आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. प्रयोगशाळेच्या बाहेर त्यांनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आत येऊन सरांच्या टेबलापुढं हात जोडून उभे राहिले. समोर खुर्ची रिकामी होती. सरांनी बसा म्हटलं नाही. बाबाही बसले नाहीत. नदीत देव सोडणारा माझा बाप.

सर म्हणाले, "मुलीला सांगा, सगळ्या विभागासमोर माफी माग. तक्ते परत कर. मग मी विचार करीन. श्रीकांतचं आधी होऊ दे, हिलाही दुसरं काहीतरी देऊ. नाहीतर मी हिच्या प्रबंधावर सही करणार नाही. आणि मी सोडलं तर हिला दुसरा कोणी घेणार नाही, हेही सांगतो."

बाबा माझ्याकडे वळले. "माग पोरी. एक डाव माग. दोन शब्दानं का कमी होते? तुह्या जिंदगीचा सवाल हाय."

"नाई मागत."

"मी सांगून राह्यलो ना तुले."

"तुमी सांगा, बाबा. तरी नाई मागत."

सर खुर्चीत मागे रेलले. श्रीकांत कपाटाशी उभा राहून काचेची नळी पुसत होता. पुसलेलीच नळी पुन्हा पुसत होता.

बाबांचे डोळे भरून आले होते. ते माझ्यावरच्या रागानं, हे मला कळत होतं. ते मागे सरकत दाराकडे निघाले. सरांकडे पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावलांनी.

ते मला बघवलं नाही. मी त्यांच्या आधी बाहेर गेले. त्यांच्या चपला उचलल्या, आत आणल्या आणि सरांच्या टेबलासमोर, फरशीच्या मधोमध, बाबांच्या पायांशी ठेवल्या.

"इथीच घाला, बाबा."

"पोरी..."

"घाला."

बाबांनी घातल्या. एक पाय, मग दुसरा. अंगठा पट्ट्यात जात नव्हता. मी खाली बसून पट्टा नीट केला. मग त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं सरळ चालत बाहेर आलो. चपलांचा आवाज पूर्ण प्रयोगशाळेत झाला.

पोंभुर्ण्याच्या एसटीत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. घरी गेल्यावर मायला म्हणाले, "तुह्या पोरीनं हातचं घालवलं." कितीतरी महिने ते असेच राहिले. आजही ते म्हणतात, माफी मागितली असती तर डॉक्टर झाली असती. मी वाद घालत नाही. त्यांची लढाई पाण्याची होती. ती त्यांनी गावाशी केली. शिकलेल्या माणसाशीही लढायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

सरांनी सांगितलं तसंच झालं. नागपुरात ज्यांच्याकडे गेले त्यांना आधीच सगळं कळलेलं. एकानं दारातच विचारलं, "चर्चासत्रात भांडली ती तूच ना?" फेलोशिप बंद झाली. श्रीकांतला पीएच.डी. मिळाली. माझ्या चकत्यांवर, माझ्या समीकरणांवर. माझ्याकडे तक्ते राहिले, पण त्यांवर माझ्या नावानं प्रबंध करायला मला कोणतंच विद्यापीठ घेत नव्हतं.

मी आलापल्लीला आले. शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यानं सागाचे ओंडके लादलेले ट्रक जातात, वर्गात शब्द ऐकू येत नाही, मी थांबते, मग पुन्हा सुरू करते. दोन थरांवर मी थांबले नाही. तीन थरांचं गणित इथं बसून मांडलं आहे. ते बरोबर आहे. कोणाला दाखवू, हे अजून माहीत नाही.

परवा श्रीकांत आला.

मधल्या सुट्टीत जीप शाळेपुढं थांबली. सुटलेलं पोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. मुलांसमोर मला वाकून नमस्कार केला. "मॅडम," म्हणाला. पूर्वी 'ए' म्हणायचा.

"सर निवृत्त होतायत. रविवारी सत्कार आहे. तुम्ही दोन शब्द बोलावेत, अशी समितीची फार इच्छा आहे."

"काय बोलू?"

"हेच, की त्या काळात सरांनी तुम्हाला प्रयोगशाळेत घेतलं. तुमच्या समाजातल्या मुलीला. सरांनी कधी जात मानली नाही, हे लोकांना कळायला हवं. काही लोक उगाच वेगळं बोलतात."

या माणसानं माझं काम नेलं होतं. आता साक्षसुद्धा माझीच हवी होती.

"सर जात मानतात," मी म्हटलं. "तुम्हीही मानता. आणि तुमच्या नावामागची पदवी माझी आहे. हे बोलू का?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. व्हरांड्यात मुली डबे खात होत्या. आवाज खाली आणून म्हणाला, "झालं ते झालं. इतकी वर्षं झाली. तुमच्या मनात अजून कडवटपणा आहे."

"आहे."

"मग राहू द्या. नका येऊ."

"येणार."

"पण मी आता तुम्हाला बोलावत नाहीये."

"तुम्ही बोलवायची गरज नाही. मी येणार."

तो जीपमध्ये बसला. जाताना नमस्कार केला नाही.

त्याच दुपारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, सोमवारी शाळेत यायला उशीर होईल. कारण विचारलं तर खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, कशाला जुनं उकरता? नोकरीवर येईल." येऊ द्या म्हटलं.

मला माहीत आहे काय होईल. कोणी टाळी वाजवणार नाही. पदवी परत मिळणार नाही. सर हसऱ्या चेहऱ्यानं पाहुण्यांची क्षमा मागतील. कोणी घड्याळ बघेल. दोन माणसं येऊन माझा दंड धरतील. त्याच्या आत जेवढं बोलता येईल तेवढं मी बोलणार. हे काम कोणाचं आणि चोर कोण, दोघांची नावं घेऊन. बाहेर काढलं तर फाटकासमोर उभी राहून बोलणार, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला. पुढचा सत्कार होईल, तिथंही जाणार.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणार नाही.